दुखणे पोटाचे, धोका फुप्फुसांना

शरीराच्या बत्तीस भागांचे चिंतन धम्मात सांगितले आहे. त्या यादीत फुप्फुसांच्या लगेच पुढे आतडी येतात. वैद्यकशास्त्रातही या दोन अवयवांचे जवळचे नाते आहे. आतड्याला गंभीर इजा झाली, तर चांगली फुप्फुसेही निकामी होऊ शकतात. हे कसे घडते, ते आज आपण समजून घेऊ.

आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. ते आणि आपले रक्त यांच्यामध्ये पेशींच्या एकाच थराची भिंत असते. अपघातात खूप रक्त गेले, आतड्याला पीळ पडला किंवा टायफॉइडमुळे आतड्याला भोक पडले, तर ही भिंत ढासळते आणि जिवाणूंचे विष बाहेर झिरपते. जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांनी १८९२ च्या सुमारास कॉलऱ्याच्या जंतूंवर काम करताना या विषाचा शोध लावला. ते जंतूच्या अंगातच असते. जंतू मेला तरी ते उरते. त्याला एंडोटॉक्सिन म्हणतात.

आतड्यातून येणारे रक्त आधी यकृतात जाऊन गाळले जाते. पण लसीकावाहिन्यांची वाट यकृताला वळसा घालून मानेजवळच्या मोठ्या शिरेत, तिथून हृदयात आणि थेट फुप्फुसांत जाते. प्राण्यांवरील प्रयोगांत ही वाट बांधून बंद केली, तेव्हा फुप्फुसांची इजा कमी झाली.

विषामुळे चवताळलेल्या पांढऱ्या पेशी फुप्फुसांच्या बारीक केशवाहिन्यांत अडकतात आणि तिथल्या नाजूक पडद्यालाच इजा करतात. हवेच्या पिशव्यांत पाणी भरते आणि प्राणवायू रक्तात पोहोचत नाही. १९६७ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांनी १२ रुग्णांवरून या अवस्थेचे वर्णन केले. आज तिला एआरडीएस म्हणतात. अशा रुग्णाला अनेकदा व्हेंटिलेटर लागतो.

म्हणून आम्ही वाचकांना आग्रहाने सांगतो: पोट दगडासारखे कडक झाले, शौच व वारा बंद झाला, हिरवी उलटी होऊ लागली, तर घरी थांबू नका. त्यातच धाप लागली, श्वास मिनिटाला २२ हून अधिक झाला, लघवी कमी झाली किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ते दम्याचे किंवा अशक्तपणाचे समजू नका. जुलाबाचे औषध, एनिमा, पोट चोळणे किंवा अंगारा-धुपारा यांत वेळ घालवू नका. रुग्णाला काही खायला-प्यायला न देता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. खर्चाच्या भीतीने उशीर करू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

कारण दूर केले की परिणाम थांबतो, हे प्रतीत्यसमुत्पादाने आपल्याला शिकवले आहे. इथे कारण पोटात आहे. त्यावर वेळेत उपचार झाले, तर फुप्फुसे वाचू शकतात.