घरातील व गोठ्यातील माश्या : ओळख आणि बंदोबस्त

मृगाचा पाऊस पडून गेला, उकिरडा भिजला आणि मध्येच दोन दिवस ऊन पडले की घरात माश्यांचा सुळसुळाट होतो. जेवणाच्या ताटावर, दुधाच्या भांड्यावर, झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या डोळ्यांवर माश्या बसतात. आपण त्यांना हाताने हाकलतो आणि "पावसाळ्यात माश्या व्हायच्याच" असे म्हणून सोडून देतो. याच दिवसांत गावात हगवण व अतिसाराचे रुग्ण वाढतात. त्यात लहान मुले अधिक असतात. त्यामुळे माशीकडे केवळ उपद्रव म्हणून न पाहता कीड म्हणून पाहणे जरूर आहे. पिकावरील किडीचा बंदोबस्त करताना आपण आधी कीड ओळखतो, तिचा जीवनक्रम पाहतो आणि मग उपाय योजतो. माशीच्या बाबतीतही हाच क्रम ठेवावा.

माश्यांचे प्रकार कसे ओळखावेत?

१) घरमाशी : घरात दिसणाऱ्या माश्यांत हिची संख्या सर्वांत जास्त असते. रंग करडा, लांबी ६ ते ७ मिलिमीटर आणि पाठीवर चार काळसर उभे पट्टे असतात. ही माशी चावत नाही. तिची सोंड स्पंजासारखी असल्याने ती फक्त पातळ पदार्थ शोषू शकते. साखर किंवा भाकरीचा कण खाण्यासाठी ती त्यावर लाळ व पोटातील द्रव ओकते, तो विरघळवते आणि मग शोषते. विष्ठेवरून उठून ती थेट अन्नावर बसते. पायांवरील केसांना चिकटलेले व पोटातून बाहेर पडलेले रोगजंतू अशा रीतीने अन्नात मिसळतात. हगवण, अतिसार, विषमज्वर, पटकी आणि डोळ्यांतील खुपऱ्या या रोगांच्या प्रसाराला तिचा हातभार लागतो.

२) गोठ्यातील चावरी माशी : दिसायला घरमाशीसारखीच, पण तोंडापुढे सुईसारखी टोकदार सोंड असते. नर व मादी दोन्ही रक्त शोषतात. त्या जास्त करून जनावरांच्या पायांवर बसतात. गाई-म्हशी सतत पाय आपटत असतील, शेपटी हलवत असतील व धार काढताना अस्वस्थ होत असतील, तर या माशीची शंका घ्यावी. अशी जनावरे नीट चरत नाहीत आणि दुधात घट येते. ही माशी ताज्या शेणापेक्षा शेण-मूत्र मिसळून कुजलेल्या वैरणीत अधिक वाढते. घरमाशीवरचे उपाय करूनही जनावरांचा त्रास कमी होत नसेल, तर गव्हाणीखालचा कोपरा तपासावा.

३) निळ्या-हिरव्या चमकदार माश्या : मेलेले जनावर, उंदीर, मांसाचे व मासळीचे तुकडे यांवर या माश्या अंडी घालतात. कोकण किनाऱ्यावर सुकवण्यासाठी पसरलेल्या मासळीचे त्यांच्यामुळे नुकसान होते. मासळी नीट मीठ लावून, वाळूवर न पसरता उंच मांडवावर सुकवावी. यांतील एक जात जनावरांच्या उघड्या जखमेत व नवजात वासराच्या ओल्या नाळेवर अंडी घालते. जखमेत किडे पडतात ते यामुळेच. वासराच्या नाळेला जन्मताच टिंक्चर आयोडिन लावावे. किडे पडल्यास टर्पेंटाइनचा बोळा ठेवून ते चिमट्याने काढावेत आणि पशुवैद्यकाकडून उपचार घ्यावेत.

४) मांसमाशी : घरमाशीपेक्षा मोठी असते. पाठीवर तीन पट्टे आणि पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी असते. ती अंड्यांऐवजी थेट जिवंत अळ्या टाकते. म्हणून उघड्या मटणावर थोड्याच वेळात अळ्या दिसू शकतात.

५) चिलटे : सुमारे ३ मिलिमीटर लांबीची, तांबड्या डोळ्यांची ही लहान माशी अतिपक्व केळी, आंबे, टोमॅटो, उसाचा रस व आंबलेले पदार्थ यांवर घोंघावते. आंबा व काकडीवर्गीय पिकांत पडणारी फळमाशी वेगळी. ती निरोगी फळाला छिद्र पाडून आत अंडी घालते. चिलटे मात्र आंबलेल्या व फुटलेल्या फळांवरच जमतात. त्यामुळे घरातील चिलटांसाठी बागेतील फळमाशीचे सापळे उपयोगी पडत नाहीत.

६) मोरीतील माशी : पंखांवर केस असलेली, पतंगासारखी दिसणारी ही बारीक माशी न्हाणीघराच्या भिंतीवर बसलेली आढळते. मोरीच्या पाइपमध्ये साठलेल्या बुळबुळीत थरात तिच्या अळ्या वाढतात. तो थर ब्रशने घासून, गरम पाण्याने धुऊन काढणे हाच खरा उपाय होय.

जीवनक्रम आणि त्यातील कच्चा दुवा

घरमाशीची मादी एका वेळी साधारण १०० अंडी घालते आणि आयुष्यात असे चार-पाच पुंजके घालते. उष्ण हवेत अंडी एका दिवसात उबतात. पांढऱ्या, बिनपायाच्या अळ्या ओलसर शेणात चार ते सात दिवस वाढतात. नंतर त्या कोरडी जागा शोधत ढिगाच्या कडेला सरकतात व तपकिरी कोषात जातात. कोषातून तीन ते सहा दिवसांत माशी बाहेर पडते. म्हणजे आज घातलेल्या अंड्यांपासून दहा-बारा दिवसांत नवी पिढी उडू लागते.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, घरात उडणारी माशी मारून काम भागत नाही, कारण ढिगात तिच्या मागे शेकडो अळ्या तयार होत असतात. दुसरी, अळीची वाढ ओलाव्यावर अवलंबून असते. शेण चार-पाच दिवसांच्या आत वाळले, झाकले गेले किंवा तापले तर पिढी तेथेच संपते. बंदोबस्ताचा भर येथेच द्यावयाचा आहे.

उकिरड्याची व्यवस्था

"उकिरडा घराजवळ असला की शेण टाकायला सोपे" हे खरे आहे. शेण उचलण्याचे काम बहुधा घरातील स्त्रियांकडे असते, म्हणून लांबचा खड्डा त्यांच्यावर ओझे होतो. शिवाय माशी एक-दोन किलोमीटर सहज उडते, त्यामुळे केवळ अंतर वाढवून प्रश्न सुटत नाही. खड्डा थोडा दूर व घराच्या पूर्वेस असावा, कारण आपल्याकडे पावसाळी वारे पश्चिमेकडून वाहतात. अंतरापेक्षा खड्डा कसा भरला जातो याला महत्त्व अधिक आहे.

शेण, मूत्राने भिजलेली माती, काडीकचरा यांचे थर देऊन खड्डा भरावा. प्रत्येक वेळी टाकलेल्या शेणावर मातीचा किंवा कोरड्या पाचोळ्याचा थर द्यावा. खड्डा भरला की ओल्या माती-शेणाच्या काल्याने लिंपून बंद करावा. सैल माती टाकून भागत नाही, तिच्यातून नवी माशी वर येऊ शकते. डॉ. सी. एन. आचार्य यांनी १९३९ मध्ये मांडलेल्या बंगलोर पद्धतीत असाच लिंपलेला खड्डा वापरतात. नीट रचलेल्या ढिगाच्या आत उष्णता ५० अंश सेल्सिअसच्या वर जाते व तेथे अळ्या जगत नाहीत. ढीग जमिनीवर असेल तर आठवड्यातून दोनदा बाहेरचा थर आत ढकलावा.

उघड्या, पसरलेल्या उकिरड्यातून नत्र अमोनियाच्या रूपाने उडून जाते. तेव्हा ज्या उकिरड्यावर माश्या घोंघावतात, तेथे आपले खतही वाया जात आहे असे समजावे. खतात चुना मिसळू नये, त्याने नत्राचा नाश वाढतो. चुना गोठ्याच्या ओल्या जागेपुरताच वापरावा. शक्य असेल त्यांनी गोबरगॅस संयंत्र बांधावे. कुजून बाहेर पडलेल्या मळीकडे माश्या फारशा येत नाहीत.

इतर उपाय

१) गोठ्यातील शेण रोज उचलावे. मूत्रनालीला उतार द्यावा. गव्हाणीतील उष्टा चारा दररोज काढावा.
२) कोंबड्यांच्या गादीवर पाणी सांडू देऊ नये. ओला भाग लगेच बदलावा.
३) सांडपाण्यासाठी शोषखड्डा करावा.
४) शौचालयाच्या वायुनलिकेच्या तोंडाला बारीक जाळी बांधावी.
५) अन्न, दूध व पिण्याचे पाणी झाकून ठेवावे. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी लावावी.
६) चिलटांसाठी बाटलीत पिकलेल्या केळ्याचा तुकडा ठेवून तोंडावर कागदाचे नरसाळे बसवावे. आत गेलेली चिलटे सहसा बाहेर येत नाहीत.
७) परसातील देशी कोंबड्यांना ढिगाची कड उकरू द्यावी. त्या अळ्या व कोष वेचून खातात.

कीटकनाशकांबाबत सावधगिरी

पिकासाठी आणलेले औषध उकिरड्यावर, गोठ्यात किंवा घरात कधीही फवारू नये. डायक्लोरव्हॉस व फोरेट यांचा वापर देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाला आहे. जुनी बाटली घरात पडून असली तरी ती वापरू नये. गूळपाण्यात विष कालवून ठेवण्याची सवय तर फार घातक आहे, कारण ती बशी मुलांच्या, कोंबड्यांच्या हाती-तोंडी लागते. शिवाय माशी औषधाला लवकर दाद देईनाशी होते. डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या स्वीडनमध्ये १९४६ मध्येच आढळल्या होत्या. ढिगावर औषध मारल्याने माशीच्या कोषात अंडी घालणारे बारीक परोपजीवी कीटकही मरतात व पुढे माश्या अधिकच वाढतात.

घरात अतिसार झाल्यास

मुलाला ओआरएसचे पाणी लगेच सुरू करावे. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. चमचे चहाचे घ्यावेत. अंगावरचे दूध बंद करू नये. मूल मलूल दिसल्यास, लघवी कमी झाल्यास किंवा शौचातून रक्त पडल्यास विलंब न लावता आरोग्य केंद्रात न्यावे.

शेवटी एक गोष्ट लक्षात ठेवावी. शेजारचा उकिरडा उघडा असेल तर आपला झाकून अर्धेच काम होते. म्हणून गल्लीतील चार-पाच घरांनी मिळून पावसाळ्यापूर्वी खड्डे घ्यावेत आणि लिंपण्याचे काम एकाच दिवशी करावे. त्यासाठी लागणारी माती व शेण घरचेच आहे, आणि खड्ड्यातील चांगले कुजलेले खत रब्बीच्या शेताला मिळणार आहे.