शेवंतीचे पुढचे वर्ष

दिवाळीच्या पुढे आपल्या माळव्यातील बागा शेवंतीने बहरतात. परंतु फुले सुकली, की पुष्कळ लोक रोपे उपटून टाकतात. ही मोठी चूक होय. शेवंती बहुवर्षायू आहे. दांडा वाळला तरी मुळाशी प्राण असतो.

बहर ओसरताच दांडे जमिनीपासून चार बोटांवर छाटावेत. लवकरच बुंध्याशी फुटवे येतात. त्यांस काश्या म्हणतात. कडाक्याच्या थंडीत दहिवर गोठून हे कोवळे फुटवे जळतात. म्हणून अशा रात्री त्यांवर गवत पसरावे व सकाळी काढावे. उन्हाळ्यात कुंड्या सावलीत ठेवून पाणी बेताने द्यावे. पाऊस लागताच काश्या मुळांसह वेगळ्या करून, पाणी न साचणाऱ्या जागी लावाव्यात.

रात्र मोठी होऊ लागली म्हणजेच शेवंती कळ्या धरते. वनस्पतींचा हा स्वभाव गार्नर व अ‍ॅलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये प्रकाशात आणला. म्हणून रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली कुंडी ठेवू नये. अंधारात खंड पडल्यास कळ्या लांबतात.

विद्यार्थिमित्रहो, यंदाच्या सुकलेल्या शेवंतीस हात लावण्यापूर्वी तिच्या बुंध्याशी एकवार वाकून पाहा. पुढील वर्षाची फुले तेथेच आहेत.