सिरावेधापूर्वी पायाच्या उत्तान सिरांचे परीक्षण

अहिल्यानगर जिल्ह्यात साखर कारखान्यांतील कामगार, एस.टी.चे वाहक, शिक्षक अशा दीर्घकाळ उभे राहणाऱ्यांत सिराज ग्रंथीचे रुग्ण आम्हांस वारंवार आढळतात. फुगलेली, वेडीवाकडी सिरा दिसताच सिरावेधाचा मोह होतो. तत्पूर्वी तीन गोष्टी अवश्य पाहाव्यात.

पहिली, गंभीर सिरांची स्थिती. त्यांचा मार्ग रुद्ध असल्यास रक्त परत नेण्याचे कार्य उत्तान सिराच करतात. त्या नष्ट केल्यास शोथ वाढतो. एकाच पोटरीत अकस्मात शोथ व वेदना असल्यास मर्दन अथवा सिरावेध करू नये. गुठळी सुटून फुप्फुसात गेल्यास प्राणावर बेतते. रुग्णास तत्काळ रुग्णालयात पाठवून कलर डॉपलर तपासणी करवावी.

दुसरी, पावलावरील धमनीचे स्पंदन. ते क्षीण असता, विशेषतः मधुमेही रुग्णास, घट्ट पट्टबंधन करू नये. अन्यथा कोथाचे भय असते.

तिसरी, सिरेचे मोल. आतील घोट्याच्या पुढून जांघेपर्यंत जाणारी दीर्घ उत्तान सिरा हृदयाच्या बायपास शस्त्रक्रियेत उपयोगी पडते. डॉ. रेने फावालोरो यांनी १९६७ मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे तिचा असा उपयोग सुरू करून ही पद्धत रूढ केली. म्हणून निरोगी सिरेस अकारण इजा होऊ देऊ नये.

सुश्रुताचार्यांनी सिरावेधास शल्यतंत्रातील अर्धी चिकित्सा मानले. त्याच शारीरस्थानात अवेध्य सिरा व सिरावेधास अयोग्य रुग्णही सांगितले. वेदनारहित, अचल, मोठी व मर्मस्थानी असलेली सिराज ग्रंथी त्यांनी असाध्य मानली आहे. वैद्यबंधूंनी शस्त्र घेण्यापूर्वी हा निषेधभागही तितक्याच आदराने अभ्यासावा.