फळ्यावरची नावं आधी पुसा

स्टाफरूममध्ये नव्या शिक्षकाला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, सुरुवातीचा महिनाभर हसू नका. दुसरा, दणकट मॉनिटर नेमा आणि बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायला लावा.

शिक्षणसेवक म्हणून मला आठवीचा वर्ग मिळाला, तेव्हा ही दुसरी पद्धत तिथे आधीच रुजलेली होती. वर्गात शिरावं तर फळ्यावर नावांची रांग तयार. मॉनिटरच्या मित्रांची नावं त्यात कधीच नसत. ज्याच्याशी त्याचं वाजलं असेल, त्याच्या नावापुढे मात्र फुल्या वाढत जात. एका मुलाचं नाव तर रोजचंच. नाव लागणारच आहे तर गप्प कशाला बसायचं, हा त्याचा हिशेब चोख होता. ‘सर, मी बोललोच नाही’ हे ऐकण्यात तासाची सुरुवात जायची आणि तोवर मागचे बाक पेटलेले असायचे.

यादी बंद केली आणि गोंगाटाच्या वेळा नजरेत भरू लागल्या. तास बदलताना, वह्या वाटताना, शिक्षक फळ्याकडे वळून बराच वेळ लिहीत असताना. थोडक्यात, मुलांचे हात रिकामे असताना.

म्हणून नव्यांना सांगतो: हजेरी घेण्याआधी फळ्यावर एक छोटा प्रश्न लिहा, हजेरी होईपर्यंत मुलं तो सोडवतील. ज्यांचं लवकर संपतं त्यांच्यासाठी पुढचं काम तयार ठेवा. कुणी बोलत असेल तर शिकवता शिकवता त्याच्या बाकापाशी जाऊन उभे राहा. नाव घेऊन ओरडलात, की बाकीचा वर्गही तमाशा बघायला वळतो. चौघांसाठी सगळ्या वर्गाला शिक्षा करू नका. जी मुलं तुमच्या बाजूने होती, तीही दुरावतात.

हात उगारण्याचा तर प्रश्नच नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना मनाई केली आहे. वर्गासमोर एखाद्याला ‘ढ’ म्हणून हिणवणंही टाळायलाच हवं.

पालकांना पहिला फोन तक्रारीचा नको. मुलाने केलेलं एखादं चांगलं काम आधी कळवलेलं असेल, तर पुढे तक्रारही ते शांतपणे ऐकतात. आणि मुख्याध्यापकांकडे मूल पाठवणं अगदी शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवा. दर आठवड्याला कुणी ना कुणी तिकडे जाऊ लागलं, की सरांच्या हातात काही नाही हे वर्ग बरोबर ओळखतो.