गंजलेल्या बोल्टाची मनधरणी

भाचेबुवा, आजोबांची मारुती 800 अंगणात खोलून बसलास, हे ऐकून फार बरं वाटलं. ही गाडी 1983च्या डिसेंबरात रस्त्यावर आली आणि 2014च्या जानेवारीत बनायची थांबली. म्हणजे आज जी उरली आहे, तिच्या बोल्टांनी पावसाळे भरपूर पाहिलेत. तीन सिलिंडरचं 796 सीसीचं इंजिन समजायला सोपं आहे बाबू, खरी परीक्षा घेतात ते एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे स्टड. तुटलेला स्टड काढता येतो, पण तो तुटू न देणं स्वस्त पडतं. म्हणून आधी तेच ऐक.

1. खोक्याचा पुठ्ठा घे, त्यावर सिलिंडर हेडचा आकार काढ आणि सुटलेला प्रत्येक बोल्ट त्याच्या जागी टोचून ठेव – लांबी थोडी थोडी वेगळी असते, आणि आखूड भोकात लांब बोल्ट गेला की नवीनच दुखणं.

2. पाना लावायच्या आधी तारेच्या ब्रशने बोल्टाभोवतीची माती नि गंज खरवडून काढ – तेलाला आट्यांपर्यंत जायची वाट तुलाच मोकळी करून द्यायची आहे.

3. गंज सोडवायचं तेल संध्याकाळी सोड, बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने सरळ, हलके ठोके दे आणि पुन्हा तेल सोड – गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो म्हणून आटे आवळून बसतात, ठोक्यांनी त्याला तडे जातात नि तेल आत उतरतं. तेलाला रात्र द्यावी, हाताला सकाळ.

4. बारा कोनी गोटी (सॉकेट) बाजूला ठेव, सहा कोनी घे – बारा कोनी कोपऱ्यांवर ओढते, सहा कोनी सपाट बाजू धरते. डोकं एकदा गोल झालं की पाना कितीही भारी असो, धरणार काय?

5. पहिला झटका सोडायचा नाही, किंचित आवळायचा – गंजाची पकड तुटायला तेवढी हालचाल पुरते. मग अर्धा फेरा सोड, पाव फेरा आवळ, तेल टाक, पुन्हा सोड.

6. हाताकडे लक्ष दे. गंज सुटतो तेव्हा 'कट्' आवाज येतो आणि पाना हलतो. आवाज न येता पाना मऊ लागला तर तिथेच थांब – तो बोल्ट फिरत नाहीये, पिळवटतोय, आणि पुढच्या जोरात तुटणार.

7. तरी हलला नाही तर शेक दे, पण हेड उतरवून, पेट्रोलपासून दूर, उघड्यावर – तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून भोक सैल होतं. आच स्टडवर नाही, त्याच्या भोवती फिरती ठेव: हेडचं ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, 660 अंशांच्या आधीच वितळायला लागतं. पाण्याचा थेंब चर्र करून उडाला की पुरे, मग मेणबत्ती आट्यांना टेकव, मेण आत ओढलं जातं.

8. मे महिन्यात हे काम दुपारी काढू नको – आपल्या नागपूरचं ऊन 45 अंशांच्या पुढे जातं, पान्याला हात लाववत नाही, नि चिडलेला हात बोल्ट तोडतो. पहाटेची वेळ बरी.

9. थर्मोस्टॅटच्या बोल्टांभोवती पांढरी भुकटी दिसली तर दुप्पट धीर धर – कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरलं की ॲल्युमिनियम आणि लोखंड यांच्यामध्ये ती साचते आणि बोल्टाला भोकात जाम करते.

एवढं करूनही तुटला? होतं असं. आता पुढचं.

10. पाना खाली ठेव नि आत जाऊन चहा घे – तुटल्यावर लगेच हातात घेतलेलं ड्रिल तिरकंच जातं.

11. थोडं टोक वर असेल तर त्यावर वॉशर आणि नट ठेवून नटाच्या आतून वेल्डिंग करून घे – नट पकडायला मिळतो, शिवाय वेल्डिंगच्या आचेने गंजही सैल होतो. हात लावण्याइतकं निवल्यावर हळूहळू मागेपुढे कर. ब्रेक क्लीनरने धुतलेला भाग पूर्ण कोरडा झाल्याशिवाय वेल्डिंग नको, काही क्लीनरमधून तापल्यावर विषारी वायू निघतो.

12. टोक बुडालं असेल तर सगळं काम मध्यबिंदूवर आहे. तुटलेला माथा कानशीने सपाट कर, सेंटर पंच भिंगातून बघून मार, चुकला तर तिरका पंच मारून मधे आण. मग 3 मिमीचं बिट, मंद गती, कटिंग ऑइल. पुढे 5, मग 6.5 – आठ मिमीच्या स्टडला 1.25च्या पिचचा आटा असतो, त्याचं भोक 6.8 मिमीचं. तिथवर गेलास की आट्यांना धक्का लागेल, म्हणून अलीकडेच थांब आणि उरलेली कड टोकदार पंचाने आत दुमडून काढ. बिट ॲल्युमिनियमकडे सरकायला बघतं, कारण ते मऊ असतं.

13. स्टड भोकात खोल तुटला असेल तर लेथवाल्याकडून आठच्याच बोल्टाला मधोमध 3 मिमीचं आरपार भोक पाडून घे आणि तो वरून भोकात फिरवून बसव – बिट आपोआप मध्यावर जातं, हाताचा भरवसा लागत नाही. मला विचारशील तर याहून चांगली युक्ती नाही.

14. तुटका तुकडा उपसणारा एक्स्ट्रॅक्टर हा शेवटचा उपाय, आणि जोर मर्यादित – तो कडक पोलादाचा असतो. आत मोडला तर साधं ड्रिल त्याला कापत नाही, मग विजेच्या ठिणगीने धातू झिजवणारं यंत्र शोधावं लागतं.

15. अडलास तर लाजू नको, हेड घेऊन नागपूरच्या एमआयडीसीत जा. महिंद्राच्या ट्रॅक्टर कारखान्याच्या भोवतालची ही वसाहत, गंजलेल्या स्टडशी रोज झुंजणारे हात तिथे सापडतील. पण तुकडा कसा आणि कुठे तुटला ते नीट सांग – लपवलेलं मोडणं दुप्पट महाग.

16. भोकाचे आटे गेले असतील तर हेलिकॉइल (तारेचे नवे आटे) बसवून घे – मऊ ॲल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा ते टिकाऊ.

17. जोडताना भोक हवेने फुंकून कोरडं कर, चष्मा घालून – बंद भोकात तेल किंवा पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना त्याला बाहेर जायला वाट नसते, आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

18. नव्या स्टडला कॉपर ग्रीसचा पातळ हात लाव, नट पितळी घे, आणि टॉर्क पान्याचा आकडा जरा कमीच धर – ओंगण लागलं की त्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो.

19. इंजिन एकदा तापून पूर्ण निवलं की मॅनिफोल्डचे नट पुन्हा तपास. पण इंजिन सुरू करण्याआधी मला फोन कर, मी येतो. पहिला स्टार्ट तू एकट्याने मारायचा नाही.