छायाचित्र किती मोठे करता येईल?

समजा तुमच्या शाळेच्या प्रदर्शनासाठी संगमेश्वरजवळच्या कसब्यातील कर्णेश्वर मंदिराचे छायाचित्र सहा फूट रुंद छापायचे ठरले आहे. कोणाच्या तरी मोबाइलमध्ये एक सुरेख चित्र सापडते. पडद्यावर कोरीवकाम अगदी रेखीव दिसते. पण फलक छापून भिंतीवर लावला की दिसतो तो नुसता धुरकट दगड! वर्गणीचे पैसे गेले ते गेलेच. हे आधी ओळखता आले असते का? आले असते. पट्टी, कागद आणि थोडासा भागाकार एवढेच त्यासाठी लागते.

मोबाइलचा पडदा आडवा धरला तर सुमारे १५ सेंटिमीटर लांब असतो. सहा फुटी फलक त्याच्या बारापट. चित्र बारापट मोठे झाले की त्यातला अस्पष्टपणाही बारापट मोठा होतो. तो डोळ्याला खटकेल की नाही, हे दोन गोष्टींवर ठरते : कागदावर तो किती मिलिमीटर पसरला आहे आणि पाहणारा किती दूर उभा आहे.

प्रथम आपला डोळाच तपासू. पांढऱ्या कागदावर १ मि.मी. जाडीच्या काळ्या रेघा, मध्ये १ मि.मी. जागा सोडून, आखा. कागद उजेडात भिंतीवर लावा आणि मागे मागे चालत जा. एका ठिकाणी रेघा एकमेकींत मिसळून करडा पट्टा दिसू लागेल. निकोप डोळ्याला हे अंतर साधारण ३.४ मीटर येते. तेथून १ मि.मी. जागा डोळ्याशी एक अंशाच्या साठाव्या भागाएवढा, म्हणजे एक मिनिटाचा कोन करते. आपल्या जुन्या ज्योतिषात यालाच 'कला' म्हणत. (शिक्षकांनी हा प्रयोग सबंध वर्गाकडून करून घ्यावा. एखाद्याचे अंतर फारच कमी आले, तर त्याचे डोळे तपासून घेणे बरे.)

म्हणजे हिशेब सोपा झाला. कागदावरचा बारकावा जेवढा, त्याच्या ३४०० पट अंतरापर्यंत तो दिसतो, त्यापलीकडे नाही. पुस्तक आपण ३० सें.मी.वर धरतो. ३०० मि.मी. भागिले ३४०० म्हणजे ०.०८८ मि.मी., आणि एका इंचात असे सुमारे २९० ठिपके बसतात. छापखान्यातील लोक "इंचाला ३०० ठिपके हवेत" असे जे म्हणतात, त्याचे मूळ हे आहे. पण तो नियम हातातल्या पुस्तकाचा. भिंतीवरच्या फलकालाही तोच लावणे म्हणजे उगाच अडून बसणे होय.

आता आपले चित्र. मोबाइलमध्ये फोटोची माहिती उघडली की ४००० × ३००० असे आकडे दिसतात. चित्र आडव्या दिशेने ४००० चौकटींचे, म्हणजे पिक्सेलांचे, बनले आहे. सहा फूट म्हणजे १८३० मि.मी.; भागिले ४००० केल्यावर एक पिक्सेल ०.४६ मि.मी.चा होतो. त्याची ३४०० पट म्हणजे सुमारे दीड मीटर. तेवढ्या अंतरावरून फलक उत्तम दिसेल. हेच चित्र व्हॉट्सॲपवरून फिरून आले असेल, तर पाठवताना ते दाबून लहान केलेले असू शकते. रुंदी १६०० पिक्सेल उरली असेल तर पाहणाऱ्याला जवळजवळ चार मीटर मागे सरकावे लागेल. म्हणून मूळ फाइलच मागून घ्यावी.

पण पिक्सेल मोजून काम भागत नाही, आणि फसगत होते ती इथेच. पिक्सेल ही रिकामी चौकट. तिच्यात काय भरले आहे ते वेगळे पाहावे लागते. गाभाऱ्याच्या अंधारात कॅमेऱ्याची झडप जास्त वेळ उघडी राहते आणि तेवढ्यात हात हलतो. पावसाळ्यात भिंगावर बाष्प धरते. कधी नेमके समोरचे खांब स्पष्ट आणि मागची शिल्पे पुसट येतात. चौकटी मात्र चार हजारच्या चार हजार!

यासाठी चित्र संगणकावर १०० टक्के आकारात उघडा आणि शिखराची आभाळाला लागलेली कड शोधा. मग ती आणखी मोठी करून, काळ्याचे पांढरे व्हायला किती चौकटी लागतात ते मोजा. चांगल्या चित्रातही दोनएक लागतातच, कारण कॅमेऱ्यातील प्रत्येक संवेदक बिंदू सहसा एकच रंग मोजतो व उरलेले दोन शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. आठ लागत असतील, तर मात्र चार हजारांपैकी उपयोगाचे हजारच धरा. फलक सहा मीटरवरून पाहण्याजोगा झाला!

हिशेबावर विश्वास बसत नसेल तर चाचणी घ्या. ए-४ कागदाची लांबी २९७ मि.मी.; त्यात आपल्या फलकाचे ६५० पिक्सेल मावतात. चित्रातला कोरीवकामाचा ६५० पिक्सेल रुंद तुकडा कापून तेवढाच कागदभर छापा. सहा फुटी फलकावर तो याच आकाराचा दिसणार आहे. भिंतीला लावा आणि लोक जिथे उभे राहतील तिथून पाहा.

पुसट निघाला तर मंदिर काही कुठे जात नाही. सकाळी पुन्हा जाऊन, मोबाइल दगडावर टेकवून दुसरे चित्र काढता येते. निवर्तलेल्या आजोबांच्या एकुलत्या एक छायाचित्राचे तसे नाही. तिथे हिशेब उलटा करावा : आधी पाहण्याचे अंतर, मग आकार. चित्र रेखीव पण १६०० पिक्सेलांचे असेल आणि एक मीटरवरून पाहायचे असेल, तर ते दीड फूट रुंद छापावे.