संगणकाची पूर्वप्रणाली परत आणणे

गेल्या हंगामात खजराण्यातील आमच्या पेढीवरील संगणकावर आम्ही विंडोज १० काढून विंडोज ११ घेतली, आणि पट्ट्या छापणारा आमचा प्रिंटर मुका झाला. दोष त्याच्या जुनेपणाचा; परंतु मालमोटारींचे चालक पावतीसाठी दारात उभे!

परतीचा मार्ग असतो, मात्र त्यास मुदत अवघी १० दिवसांची. तोवर जुनी प्रणाली 'विंडोज.ओल्ड' या कोठारात राखलेली असते. जागा मोकळी करण्याच्या हौसेने ते पुसले, की मार्ग खुंटला. आमच्या चिरंजीवांनी ते पुसले नव्हते, हे नशीब.

प्रथम हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. नंतर सेटिंग्ज, सिस्टम, रिकव्हरी या क्रमाने जाऊन 'गो बॅक' दाबावे. आपली कागदपत्रे राहतात. नव्या प्रणालीवर मागाहून बसविलेली साधने व केलेले फेरफार मात्र जातात. काम चालू असता वीज जाऊ नये, याची तजवीज असावी.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. म्हणून त्या संगणकावर आम्ही केवळ पट्ट्या छापतो. बँकेचा व्यवहार दुसऱ्यावर करितो.